शैलेशचं ऊन

दशरथ राऊत हा तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. तलासरीकडच्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत मास्तर, घर डहाणूत मल्याणला. सकाळच्या एसटीने जायचा, संध्याकाळच्या एसटीने परत यायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस गावात शोधून सापडला नसता. पण हा गरीब दिसणारा मास्तर आतून जळत होता, आणि काही थोडीथोडकी वर्षं नव्हे, हे फक्त त्याच्या बायकोला, मुक्ताला ठाऊक होतं. कशावर जळत होता म्हणाल तर उन्हावर. आपल्या डहाणूच्या नव्हे. ते फुकट मिळतं आणि नको तितकं मिळतं. दशरथ जळत होता लंडनच्या उन्हावर.

लंडनला होता शैलेश चुरी. दोघांची घरं एकाच आळीत, शाळेत बाक एक, आणि मॅट्रिकच्या परीक्षेला गणिताची धास्तीही एकच. पुढे दशरथ डी. एड. करून मास्तर झाला आणि शैलेश तारापूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून चिकटला. तिथे पाइपांचे नकाशे काढता काढता कुठल्याशा कंपनीच्या साहेबाच्या नजरेत भरला आणि त्र्याऐंशी साली थेट लंडनला गेला. स्टेशनवर निरोप द्यायला दशरथ हार घेऊन गेला होता. खरोखर आनंदाने गेला होता, हेही सांगायला हवं. जळायला लागला तो नंतर.

शैलेश जायच्या आधीचे त्यांचे रविवार मोठे झकास होते. थंडी पडली की नरपडला दशरथच्या काकांच्या चिकूच्या वाडीत सगळी मंडळी जमायची. स्टेशन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानातला गुजराती परेश यायचा, आणखी दोघंतिघं यायचे, आणि उकडहंडी लागायची. मातीचं मडकं, आतून भांबुर्डीच्या उग्र वासाच्या पाल्याचं अस्तर, त्यात कोनफळ, रताळी, करांदे, वांगी, वालाची पापडी, हिरवं वाटण आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. मडक्याचं तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचं, मडकं पालथं घालायचं आणि भोवती, वर, सगळीकडून जाळ करायचा. बास, मग गप्पा मारत बसायचं.

या कामात त्यांचा एक नियम होता. दशरथच्या काकूने घालून दिलेला. मडकं भरणाऱ्याने बाकीच्यांकडे पाठ करून भरायचं आणि बाकीच्यांनी तिकडे बघायचं नाही. भरताना कुणाची नजर पडली तर आतलं कच्चं राहतं, असं काकू म्हणायची. खरं-खोटं देव जाणे, पण नियम सगळे पाळायचे. काकू गेल्यावर मडकं भरायचं काम दशरथकडे आलं, कारण तिने ते फक्त त्यालाच शिकवलं होतं. क्रिकेटमध्ये दशरथला शेवटी घेत. गाण्याच्या भेंड्यांत त्याला कुणी विचारत नसे. पण हंडीच्या दिवशी चांगले शहाणेसुरते लोक त्याच्याकडे पाठ करून मुकाट बसत आणि तो म्हणेल तेव्हाच वळत. शैलेशकडे पालापाचोळा गोळा करायचं आणि ताडी आणायचं काम असे. दशरथ राऊत आयुष्यात कुठे राजा असेल तर तो त्या अर्ध्या तासात.

शैलेश गेला आणि वर्षभराने फोटो यायला लागले. शैलेशची आई, यमुनाकाकी, फोटो आले की कुणाला तरी पाठवून दशरथला बोलावून घ्यायची. "अरे दशरथा, पोऱ्याचे फोटो आले, बघून जा," असा निरोप. बिचारीला वाटे, दोस्ताचं सुख दोस्ताने नाही बघायचं तर कुणी बघायचं. चहा ठेवायची आणि एकेक फोटो त्याच्या हातात द्यायची.

आणि फोटो कसले, तर उन्हाचे. हिरव्यागार बागेत आठ-दहा माणसं गवतावर पसरलेली. कुणी शर्ट काढून उघडा, कुणी डोळ्यांवर टोपी ओढून झोपलेला, मध्ये चादरीवर फळं, पाव, बाटल्या. मागे शैलेशच्या अक्षरात लिहिलेलं असायचं, 'आज रविवार. मस्त ऊन. सगळे जमलो.' पुढच्या फोटोत नदीकाठ, तीच माणसं, तेच ऊन. त्याच्या पुढच्यात होडी.

"ऊन पडलं म्हणून फोटो काढतात," दशरथ घरी येऊन मुक्ताला म्हणायचा. "आपल्याकडे असं उन्हात उघडं बसलं तर लोक डॉक्टरकडे नेतील."

"त्यांच्याकडे कधी तरी पडतं. पडलं की साजरं करत असतील," मुक्ता म्हणायची.

"साजरं कसलं? नोकरी करायला गेलाय की लोळायला?"

"लोळेना का. तुमच्या पोटात का दुखतंय?"

पोटात दुखत होतं हे खरंच होतं. त्याला शैलेशच्या पैशाचा हेवा नव्हता. पैसा काय, तारापूरच्या ठेकेदारांकडेही होता. गाडीचा नव्हता, घराचा नव्हता. त्याला हेवा वाटायचा तो गवतावर पसरलेल्या त्या माणसांचा. नवसारीचा कुणी रमणभाई होता, एक सिलोनचा होता, माइक नावाचा एक तांबड्या केसांचा आयरिश होता. एका फोटोत शैलेश या माइकच्या खांद्यावर डोकं टेकून पोट धरून हसत होता. तो फोटो दशरथने काकीला परत देताना उलटा करून दिला. तिथे खरं म्हणजे दशरथचा खांदा असायचा.

त्याचे स्वतःचे रविवार कुठे गेले, हे सरकारला विचारावं. मास्तर म्हणजे सरकारला सापडलेला फुकटचा गडी. जनगणना आली की मास्तर, मतदार याद्या आल्या की मास्तर, साक्षरता आली की मास्तर. पाड्यापाड्यावर फिरून घरातली माणसं मोजायची, आणि घरात माणसं भेटायची ती रविवारीच. वाडीतली मंडळीही पांगली. कुणी बोईसरला गेला, कुणी वसईला. परेशच्या डोक्यावर दुकान आलं. हंडी आता थंडीत एखाद वेळी लागायची. तीही कुणाला तरी बस पकडायची घाई असायची. तेवढ्यात दशरथ पाठ करून मडकं भरायचा आणि मनात म्हणायचा, एवढं तरी माझं आहे.

एक्याण्णव सालच्या मे महिन्यात मात्र त्याच्या तेवढ्यावरही घाला आला.

तोही रविवारच होता. निवडणुकीचं ट्रेनिंग आटपून दशरथ स्टेशन रोडने येत होता. पत्र्याच्या हॉलमध्ये दिवसभर मतपेटी कशी उघडायची आणि कशी बंद करायची हे बघून त्याचं डोकं उठलं होतं, सदरा पाठीला चिकटला होता. इतक्यात परेशने दुकानातून हाक मारली.

"दशरथ, चाल ने लवकर. शैलेशचा फोन आलाय. परत लावतो बोललाय, बस इकडे."

दशरथ स्टुलावर बसला. थोड्या वेळाने फोन खणखणला आणि आठ वर्षांनी शैलेशचा आवाज त्याच्या कानात आला. मागे खूप माणसांचा गलका होता, कुणी तरी मोठ्याने गात होतं.

"दशरथा! अरे काय ऊन पडलंय इकडे! सगळे घरी जमलेत, आता बागेत चाललोत."

"इकडे पण पडलंय," दशरथ म्हणाला.

शैलेश खो-खो हसला. मग म्हणाला, "ऐक, काम आहे. पुढच्या रविवारी मी यांना उकडहंडी खाऊ घालणार. गुजराती दुकानात कंद मिळतो, पापडीचं पाकीट मिळतं. मडकं नाही, पण जाड पातेलं आहे, कोळशाची शेगडी आहे. झाकणावर पण निखारे ठेवीन. सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या गावची खास चीज आहे, मी स्वतः भरणार. फक्त कसं भरायचं ते सांग. तू आम्हाला कधी बघू दिलं नाहीस ना रे."

मी स्वतः भरणार. दशरथला ते शब्द नाकात मिरची गेल्यासारखे झोंबले. गवत तुझं, ऊन तुझं, माइक तुझा. आता मडकंही तुला हवं.

"लिहून घे," तो म्हणाला, आणि सगळं व्यवस्थित सांगितलं. वाटणात काय काय, ओवा किती, पाणी अजिबात नाही, भांबुर्डीचा पाला नसेल तर कोबीची पानं. सगळं बरोबर. फक्त एक गोष्ट उलटी सांगितली. कंद आधी घालायचे, जिथे आच जास्त तिथे, आणि पापडी सगळ्यात शेवटी. काकूने त्याला हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दशरथ फोनवर म्हणाला, "पापडी आधी, तळाला. कंद शेवटी, सगळ्यात वर. विसरू नको."

"पापडी तळाला, कंद वर," शैलेश म्हणाला. "शाबास. तू नसतास तर माझी लाज गेली असती."

परेश शेजारी उभा राहून कौतुकाने ऐकत होता. दशरथने फोन खाली ठेवला आणि परेशकडे न बघता रस्त्याला लागला. घरी जाईपर्यंत मात्र त्याला बरं वाटायला लागलं. रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला आणि मुक्ताने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

महिन्याभराने यमुनाकाकीचा निरोप आला. दशरथ या वेळी धावतच गेला. फोटोंत पातेलं होतं. गवतावर मधोमध ठेवलेलं, झाकण बाजूला, आणि भोवतीची सगळी माणसं हसत होती. हसत म्हणजे कशी, तर माइक गवतावर आडवा पडला होता, रमणभाई डोळे पुसत होता आणि शैलेश हातात मोठा चमचा धरून सगळ्यांत जास्त हसत होता. दशरथने फोटो खिडकीशी नेला. पातेल्यात काहीतरी काळं दिसत होतं. ते जळालेलं होतं की सावली होती, कळेना. फोटोत चव दिसत नाही. काकी म्हणाली, "किती खूश आहेत बघ सगळे," आणि दशरथने अर्धा चहा तसाच टाकला.

तेव्हापासून त्याला नवा किडा लागला. बिघडलं असेल तर हसतात कशाला? आणि बिघडलं नसेल तर कसं नाही बिघडलं? शैलेशचा त्यावर ना फोन, ना शब्द. विचारणार कुणाला? दशरथ शाळेत फळ्यावर पाढे लिहिता लिहिता थांबायचा आणि त्याला ते पातेलं दिसायचं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत शैलेश सुटीवर आला. अंगाने सुटला होता, केस विरळ झाले होते, पण आल्या आल्या दशरथच्या घरी आला, ओट्यावर पाय पसरून बसला आणि मुक्ताकडे चहाबरोबर भाकरी मागितली. हंडीबद्दल चकार शब्द काढला नाही. दशरथने त्याच्या तोंडाकडे बघून बघून डोळे दुखवून घेतले. त्यावर काही लिहिलेलं दिसेना.

पुढच्या रविवारी नरपडच्या वाडीत सगळे जमले. बोईसरवाला आला, वसईवाला आला, परेशने दुकान बंद ठेवलं. असा भरलेला रविवार कित्येक वर्षांत झाला नव्हता. चिकूच्या झाडांखाली गार होतं आणि मधल्या मोकळ्या जागेत सोनेरी ऊन पडलं होतं. दशरथने भाज्या काढल्या, मडकं धुतलं, पाल्याचं अस्तर लावलं. पाठ करणार, तेवढ्यात परेश बोलला.

"दशरथ, आज शैलेशला भरू दे ने. लंडनमध्ये मोठं नाव काढलंय म्हणे त्याने हंडीत. आपण पण चाखून बघू."

बाकीच्यांनी री ओढली. शैलेश म्हणाला, "नको रे, दशरथ असताना मी कशाला?" पण म्हणताना तो उठून उभा राहिला होता. दशरथने मडकं पुढे केलं. दुसरं काय करणार? पाहुण्याला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि त्याच्याकडचं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

शैलेशने सगळ्यांकडे पाठ केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दशरथ दुसऱ्यांच्या रांगेत, मडक्याकडे पाठ करून बसला. समोर कुंपण होतं. मागे भाज्यांचा आवाज येत होता, कुठली आधी पडली आणि कुठली नंतर, काही समजत नव्हतं. वळून बघावं असं इतकं वाटत होतं की त्याने दोन्ही गुडघे धरून ठेवले.

मडकं पालथं पडलं, जाळ पेटला, गप्पा सुरू झाल्या. दशरथला गप्पांतलं काही कळलं नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. कंद कच्चे निघावेत, पापडीचा कोळसा व्हावा, सगळ्यांनी एकेक घास तोंडात घेऊन तोंड वाकडं करावं आणि म्हणावं, दशरथ, ऊठ बाबा, हे तुझंच काम आहे. शैलेश मग म्हणेल, तूच तर असं सांगितलं होतंस. म्हणू दे. आपण सांगू, फोनवर तुला नीट ऐकू आलं नसेल. तेवढी तयारी त्याने मनात करून ठेवली. फोनच्या वेळी परेश शेजारी उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं, हेही त्याला आठवलं. तरीही कच्चंच निघावं असं वाटत राहिलं.

शिजल्याची खूण बघायला शैलेशने तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडलं. चुर्र आवाज झाला. जाळ बाजूला सारून, गोणपाटाने धरून त्याने मडकं केळीच्या पानांवर रिकामं केलं. वाफेबरोबर भांबुर्डीचा आणि ओव्याचा वास सगळीकडे पसरला. पापडी हिरवीगार होती. दशरथने पुढे होऊन कोनफळाचा एक तुकडा बोटाने दाबला आणि तो अलगद दबला.

त्याने तोंडात टाकला. अगदी काकूच्या हातचा लागत होता.

"अरे वा," परेश म्हणाला. "कुणी शिकवलं रे तुला?"

"कुणी म्हणजे? दशरथने," शैलेश शांतपणे म्हणाला. "तुझ्याच दुकानातल्या फोनवर."

"हां, मी होतो ने बाजूला. एवढा वेळ सांगत होता. तरीच म्हटलं, हात दशरथचा लागतोय."

सगळ्यांनी दशरथच्या पाठीवर थापा मारल्या. वसईवाला म्हणाला, एवढ्या लांब फोनवरून शिकवणारा मास्तर सरकारला कळला पाहिजे. दशरथ हसला. शैलेशने त्याला वाचवलं होतं की सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती, हे त्याला ठरवता येईना.

हात धुवायला तो हौदाकडे गेला, मागोमाग शैलेश आला. दशरथने न विचारता राहायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालंच.

"पहिल्यांदा केलीस, तेव्हा कशी झाली?"

"पापडीचा कोळसा. आणि कंद असा कच्चा की माइक म्हणाला, दाताच्या डॉक्टरचे पैसे तू देणार."

"मग?"

"मग काय, हसलो. रमणभाई बोलला, नवसारीत कुणी असं भरलं असतं तर बायकोने घराबाहेर काढलं असतं. त्यानेच सांगितलं, कंद आधी. मग कुणी तरी जाऊन पाव आणला, चीज आणलं, कलिंगड आणलं. तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. बसलो तिथेच लोळत. अजून कधी सगळे जमलो की त्याच दिवसाची गोष्ट निघते. तसा रविवार आमचा परत झाला नाही."

दशरथ हौदाच्या काठावर बसला. त्यांचा एक रविवार, फक्त एक, हिसकावून घ्यायचा म्हणून त्याने ते केलं होतं. आणि त्याच्या हातून त्यांना सगळ्यात चांगला रविवार मिळाला होता. इतक्या वर्षांत त्याने कुणाला दिलेली सगळ्यात मोठी भेट ती हीच.

"तुला कळलं होतं?" त्याने विचारलं. "मी मुद्दाम उलटं सांगितलं ते?"

"त्याच दिवशी. तू मडकं भरायला कधी चुकला होतास?"

"मग बोलला का नाहीस?"

शैलेशने पाण्यात हात बुडवले. "काय बोलणार? वाटलं, तुला माझा कसला तरी राग आला असेल. आठ वर्षांत मी एक फोन केला, तोही कामासाठी. राग येणारच."

"राग नव्हता," दशरथ म्हणाला. "जळत होतो मी."

हे त्याने मुक्तालाही कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"आणि आता?" शैलेशने विचारलं.

"आता पण. आता तर जास्तच," दशरथ म्हणाला. "वाईट केलं मी, त्याचंही तुम्ही चांगलं करून घेतलंत. आणि आज तिथे सगळ्यांसमोर मोठेपणा घेतलास तोही तूच. माझ्याकडे काय राहिलं सांग."

शैलेशने खांद्यावरचा पंचा काढून दशरथच्या हातात दिला. दशरथने हात पुसले, तोंड पुसलं, आणि पंचा परत दिला.

"चला ने दोघं, थंड होतंय," तिकडून परेश ओरडला.

दोघं जाऊन शेजारी शेजारी बसले. दशरथने स्वतःच्या हाताने पानावर आणखी एकदा वाढून घेतलं. खरोखर उत्तम शिजला होता कंद, आणि त्याचंच त्याला वाईट वाटत होतं.